पाचशे शहात्तर ओळी

१९८७ साली दोन मालिका सुरू झाल्या. २५ जानेवारीला दूरदर्शनने रामानंद सागर यांच्या ‘रामायणा’चा पहिला भाग दाखवला आणि २८ सप्टेंबरला अमेरिकेत ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ सुरू झाली. एकीत त्रेतायुग, दुसरीत चोविसावे शतक. दोघींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. तरी घरी मालिका पाहण्यासाठी डीव्हीडी घ्यावी की ब्लू-रे, या प्रश्नाचे उत्तर या दोघींच्या चित्रीकरणात जितके स्वच्छ सापडते, तितके ते कुठल्याही दुकानाच्या काउंटरवर मिळत नाही.

‘रामायणा’चे चित्रीकरण महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या, गुजरातमधल्या उंबरगावात झाले, आणि ते व्हिडिओ टेपवर झाले. १९८२ साली रंगीत प्रसारण सुरू करताना भारताने जी पॅल पद्धत घेतली, तिच्यात एका चित्राच्या ६२५ ओळी असतात. त्यातल्या ५७६ ओळींत चित्र असते, उरलेल्या जुळवणीच्या कामी येतात. टेपवर उतरल्या त्या एवढ्याच. रामाच्या मुकुटावरची जी नक्षी किंवा हनुमानाच्या गदेवरचा जो ओरखडा या ५७६ ओळींत मावला नाही, त्याची नोंदच कुठे झालेली नाही. पुढे कितीही भारी यंत्र आणले तरी ते त्या टेपमधून बाहेर काढता येणार नाही.

‘स्टार ट्रेक’चे तसे नव्हते. ती मालिका ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर, म्हणजे चित्रपटासारखी चित्रित झाली. फिल्मवर ओळी नसतात, चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात, आणि त्यांत टीव्हीच्या पडद्याला लागतो त्याच्या कितीतरी पट तपशील टिपला जातो. संकलन आणि अवकाशयानांच्या करामती मात्र त्या काळच्या सोयीप्रमाणे व्हिडिओ टेपवर केल्या गेल्या. त्यामुळे अमेरिकेच्या घराघरांत पोहोचलेली प्रत त्यांच्या एनटीएससी पद्धतीची, ४८० ओळींची, आपल्या ‘रामायणा’पेक्षाही भरड होती. पण मूळ फिल्म कोठारात शाबूत राहिली. पंचवीस वर्षांनी निर्मात्यांनी ती बाहेर काढली, नव्याने स्कॅन केली, १७८ भागांचे संकलन जुन्या प्रतीबरहुकूम पुन्हा केले, करामती नव्याने जोडल्या, आणि २०१२ ते २०१४ या काळात ती मालिका ब्लू-रेवर आली. १९८७ साली कुणीही न पाहिलेला गणवेशाच्या कापडाचा पोत त्या डिस्कवर दिसतो.

याच मालिकेची पुढची भावंडे, ‘डीप स्पेस नाइन’ आणि ‘व्हॉयेजर’, यांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. खर्च प्रचंड होता आणि डिस्कचा धंदा उतरणीला लागला होता. डिस्कवर हवी असतील तर ती आजही डीव्हीडीवरच पाहावी लागतात.

म्हणून पहिला प्रश्न डिस्कचा असूच नये. मालिका मुळात कशावर टिपली गेली, हा पहिला प्रश्न.

डिस्क मुळात का घ्यावी, हे मात्र उंबरमाळीसारख्या ठिकाणाच्या अंगाने पाहायला हवे. मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर खर्डी सुटली की उंबरमाळी, आणि मग शेवटचे कसारा. शहापूर तालुक्याचा हा डोंगराळ टोकाचा भाग. मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्याला डीव्हीडी-ब्लू-रेचा वाद आता कालबाह्य वाटू शकतो, कारण त्याच्या भिंतीतून फायबरची तार आलेली असते. शहापूर-मुरबाडच्या कित्येक पाड्यांवर मोबाइलची रेंज आजही डोंगराच्या कोणत्या अंगाला घर आहे त्यावर ठरते. मोबाइलच्या लहरींना टॉवर आणि घर यांच्यामध्ये शक्यतो मोकळी वाट लागते; मध्ये सह्याद्रीची सोंड आली की हातातला फोन कितीही महागडा असला तरी उपयोग नाही. २०२० साली शाळा ऑनलाइन गेल्या तेव्हा याच भागातली मुले रेंज शोधत टेकाडावर जाऊन बसत होती.

रेंज आली तरी हिशेब उरतो. चांगल्या दर्जाचे, म्हणजे एचडी चित्र इंटरनेटवरून पाहिले तर तासाला तीन जीबीपर्यंत डेटा खर्च होतो. दिवसाला दीड जीबीचे रिचार्ज असेल तर पाऊण तासाचा एक भागसुद्धा पुरा होत नाही. दोन पदरांची एक ब्लू-रे डिस्क ५० जीबीची असते. दीड जीबीवाल्याचा महिन्याभराचा डेटा एकत्र केला तरी ती भरत नाही. भाताची आवणी उरकून संध्याकाळी घरी आलेल्या माणसाला एक भाग सलग, न अडकता पाहायचा असेल, तर डिस्क ही त्याच्यासाठी अजूनही अगदी व्यवहारातली वस्तू आहे.

आता त्या डिस्कच्या पोटात काय असते ते पाहू. सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे या तिन्ही १२ सेंटिमीटर व्यासाच्या, तिन्हींची जाडी १.२ मिलिमीटर. तिन्हींवर आतून बाहेर जाणारी एकच सलग वाट, आणि वाटेवर सूक्ष्म खाचा. लेझरचा किरण त्या खाचांवरून परावर्तित होतो आणि त्या चढउतारांतून चित्र-आवाज तयार होतो. फरक किरणाच्या बारीकपणाचा. सीडीचा किरण ७८० नॅनोमीटरचा, डोळ्याला जेमतेम जाणवणारा. डीव्हीडीचा ६५० नॅनोमीटरचा, लाल. ब्लू-रेचा ४०५ नॅनोमीटरचा, निळसर जांभळा. तरंगलांबी जितकी कमी, तितका किरण बारीक बिंदूत एकवटतो. शिवाय ब्लू-रेचे भिंगही जास्त ताकदीचे असते. दोन्हींचा मिळून परिणाम असा की प्रकाशाच्या ठिपक्याचे क्षेत्रफळ डीव्हीडीच्या मानाने पाचपटीहून लहान होते. डीव्हीडीच्या एका पदरात ४.७ जीबी मावतात, ब्लू-रेच्या एका पदरात २५, हे गुणोत्तर तिथूनच येते.

वाटेच्या दोन वेढ्यांमधले अंतर डीव्हीडीत ०.७४ मायक्रोमीटर असते, ब्लू-रेत ०.३२. ही वाट उलगडून सरळ केली तर डीव्हीडीच्या एका पदरातली सुमारे १२ किलोमीटर भरते आणि ब्लू-रेची सुमारे २७ किलोमीटर. कसारा लोकलच्या प्रवाशाला हे लगेच समजेल: डीव्हीडीची वाट आटगावहून निघून खर्डीच्या आसपास संपते, ब्लू-रेची उंबरमाळी ओलांडून जवळपास कसाऱ्याला जाते. तळहाताएवढ्या चकतीत.

हा निळा किरण सहजी हाती आलेला नाही. लाल लेझर स्वस्तात मिळू लागल्यानंतरही निळ्यासाठी योग्य पदार्थाचे निर्दोष स्फटिक कुणाला वाढवता येत नव्हते. जपानमधल्या निचिया या कंपनीत काम करणाऱ्या शुजी नाकामुरा यांनी गॅलियम नायट्राइडवर चिकाटीने काम करून १९९३ मध्ये प्रखर निळा एलईडी आणि काही वर्षांतच निळसर जांभळा लेझर साकारला. निळ्या एलईडीसाठी २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना इसामु अकासाकी आणि हिरोशी अमानो यांच्यासह मिळाले. ओट्यावरचा पांढरा एलईडी दिवा आणि ब्लू-रे प्लेयर ही या अर्थाने एकाच शोधाची लेकरे आहेत. डीव्हीडी १९९६ च्या अखेरीस जपानच्या बाजारात आली होती. ब्लू-रे आली २००६ मध्ये. तिच्यासमोर तोशिबाची एचडी डीव्हीडी उभी होती. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने माघार घेतली आणि मैदान ब्लू-रेला मोकळे झाले.

जागा जास्त म्हणजे चित्र चांगले, असा सरळ अर्थ मात्र काढता येत नाही. पॅल डीव्हीडीचे चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे असते, ब्लू-रेचे १९२० बाय १०८०. डीव्हीडीची उभी मोजणी ५७६ आहे. दूरदर्शनच्या प्रसारणाचीही तीच होती. ‘हम लोग’, ‘रामायण’ यांसारख्या व्हिडिओवर झालेल्या मालिकांच्या टेपमध्ये जे आहे ते नीट बनवलेल्या डीव्हीडीत जवळजवळ पूर्ण उतरते. त्याच टेपची ब्लू-रे काढली तर ओळी १०८० होतील, पण वाढलेल्या ओळी यंत्राने शेजारच्या दोन ओळी पाहून अंदाजाने भरलेल्या असतील.

अशा मालिकेसाठी ब्लू-रेचा एक खरा उपयोग आहे, तो जागेचा. ‘रामायणा’चे मूळ ७८ भाग. एक भाग पाऊण तासाचा धरू. डीव्हीडीच्या बऱ्या दर्जाला तासाला सव्वादोन जीबी लागतात, म्हणजे सगळे मिळून १३० जीबींच्या आसपास. साडेआठ जीबींच्या, दोन पदरी डीव्हीडी सोळा लागतील. तेच चित्र ओळी न वाढवता ५० जीबींच्या ब्लू-रेवर घातले तर तीन डिस्क पुरतात. परदेशात काही कंपन्या जुन्या कार्टून मालिका अशाच, मूळ दर्जात, एक-दोन ब्लू-रेंवर विकतात आणि वेष्टनावर तसे स्पष्ट लिहितात. हा प्रामाणिक व्यवहार आहे. वेष्टनावर नुसतेच ‘एचडी’ असे ठसठशीत छापून आत टेपचेच चित्र ताणलेले असेल, तर मात्र दुप्पट पैसे मोजण्यात अर्थ नाही.

फिल्मवर झालेल्या मालिकांचा हिशेब उलटा. ‘फ्रेंड्स’चे २३६ भाग १९९४ ते २००४ या काळात ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाले, २०१२ साली त्यांची ब्लू-रे आली तेव्हा चित्र डीव्हीडीच्या कित्येक पावले पुढे गेले होते. ‘बँड ऑफ ब्रदर्स’, ‘ब्रेकिंग बॅड’ याही फिल्मवरच्याच. बीबीसीची २००६ ची ‘प्लॅनेट अर्थ’ तर मुळातच एचडी कॅमेऱ्यांनी टिपलेली. हिमबिबट्याच्या अंगावरचे केस पाहायचे तर ती ब्लू-रेवरच पाहावी. जुन्या ब्रिटिश मालिकांची गंमत वेगळी. घरातले प्रसंग स्टुडिओत व्हिडिओवर आणि बाहेरचे १६ मिलिमीटर फिल्मवर, अशी तिकडे रीत होती. एकाच भागात दार उघडून पात्र अंगणात आले की चित्राचा पोत बदलतो, आणि तो कोणत्याही डिस्कवर बदलायचाच.

मराठी मालिकांकडे वळले की पहिली गोष्ट ही जाणवते की बऱ्याचदा निवडीची वेळच येत नाही. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात तिथून ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ प्रसारित झाली. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे घरोघरी पोहोचले ते तिच्यामुळे. त्या काळात टेप अतिशय महाग होती आणि एकदा दाखवलेला कार्यक्रम पुसून तीच टेप पुन्हा वापरणे जगभर चालत असे. बीबीसीने ‘डॉक्टर हू’च्या साठच्या दशकातल्या भागांचे हेच केले आणि त्यांतले नव्वदहून अधिक भाग अजून सापडलेले नाहीत. दूरदर्शनच्या आरंभीच्या कार्यक्रमांवरही हाच घाला पडला. जे पुसले गेले ते ना डीव्हीडीवर येईल ना ब्लू-रेवर. मराठी करमणुकीच्या इतिहासातली ही खरी हानी आहे, आणि तिच्यापुढे ओळींची बेरीज-वजाबाकी फारच क्षुल्लक ठरते.

उपग्रह वाहिन्या आल्यावर टेप जपल्या जाऊ लागल्या, पण चित्राचा दर्जा तोच राहिला. अल्फा मराठीवर २००१ पासून ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ चालली; प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’वर आधारलेली आणि केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली. आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या, शलाका या कुटुंबाचे चित्र जुन्या टीव्हीच्या चौकटीत, ४:३ या प्रमाणात बसवलेले. अशी मालिका डिस्कवर हाती लागली तर डीव्हीडी पुरेपूर झाली. मोठ्या मराठी वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या आल्या २०१६ मध्ये. त्यानंतरच्या मालिकांना ब्लू-रेचा फायदा झाला असता. पण तोवर त्या डिस्कवर काढून विकण्याची रीतच मोडली होती. त्या वाहिन्यांच्या ॲपवर राहतात, आणि ॲप ठेवील तोवरच राहतात.

मराठी घरांतल्या कपाटांत डिस्कचा जो साठा आहे, त्यातला मोठा भाग डीव्हीडीचाही नसतो, व्हीसीडीचा असतो. नाटके, कीर्तने, लावण्या, दादा कोंडके आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचे चित्रपट. व्हीसीडीचे चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे, डीव्हीडीच्या चौथ्या हिश्श्याहून थोडे कमी. एका डिस्कवर तासाभराच्या आसपास चित्र, म्हणून नाटकाच्या मध्यावर उठून दुसरी घालावी लागते. या बाजारात मुंबईची शेमारू ही जुनी मंडळी. १९६२ मध्ये पुस्तकांचे फिरते वाचनालय म्हणून सुरुवात, १९७९ मध्ये व्हिडिओ कॅसेट भाड्याने देण्याचा धंदा, आणि मग चित्रपटांचे हक्क घेऊन डिस्क. त्यांच्याही पुढे जाऊन २००७ साली मोझर बेअरने भाव पाडले: व्हीसीडी २८ रुपये, डीव्हीडी ३४ रुपये. शंभर-दीडशेची डिस्क एकदम एका वडापाव-चहाच्या पंक्तीला आली. खेड्यापाड्यांत अधिकृत डिस्क पोहोचवण्याचे श्रेय या भावाला द्यायलाच हवे. ही कंपनी पुढे कर्जात बुडाली आणि २०१८ मध्ये ती अवसायनात काढण्याचा आदेश निघाला.

तिचा खरा मुकाबला होता ‘पाच-इन-वन’शी. एका डिस्कवर पाच चित्रपट, रेल्वे स्टेशनाबाहेर पथारीवर विकायला. अडीच तासांचे पाच चित्रपट म्हणजे साडेबारा तास, ते ४.७ जीबींत कोंबले तर सेकंदाला जेमतेम ०.८ मेगाबिट वाट्याला येतात. व्हीसीडीच्या चित्रालासुद्धा १.१५ मेगाबिट मिळतात. पाऊस पडला, गर्दी धावली, की पडद्यावर चौकोनी ठिकऱ्या दिसत त्या याच कारणाने. डीव्हीडीचे चित्र वाईट असते, अशी जी समजूत गावोगाव पसरली ती बरीचशी या डिस्कनी पसरवली. तेवढा दोष डीव्हीडीच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. चोरट्या डिस्कचा व्यापार इतका वाढला की महाराष्ट्राने २००९ मध्ये झोपडपट्टीदादांसाठी केलेल्या एमपीडीए कायद्याच्या कक्षेत व्हिडिओ पायरसी करणाऱ्यांनाही आणले.

मूळ चित्रीकरणानंतर विचारात घ्यायची गोष्ट म्हणजे खोली. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाइतका कोन वेगळा ओळखता येतो. त्याहून बारीक असेल ते एकमेकांत मिसळून जाते. ३२ इंची टीव्हीच्या पडद्याची उंची सुमारे ४० सेंटिमीटर. ब्लू-रेच्या १०८० ओळी त्यावर पसरल्या तर एक ओळ ०.३७ मिलिमीटरची होते, आणि ती सुटी ओळखायची तर डोळा पडद्यापासून सव्वा मीटर, म्हणजे चार फुटांच्या आत हवा. डीव्हीडीच्या ५७६ ओळींसाठी हेच अंतर सुमारे २.४ मीटर, आठ फूट निघते. दहा बाय दहाच्या खोलीत एका भिंतीला टीव्ही आणि समोरच्या भिंतीला टेकून घरची माणसे बसलेली, अशी बैठक असेल तर डोळे पडद्यापासून आठ-नऊ फुटांवर असतात. तिथून ३२ इंचावर चांगली डीव्हीडी आणि ब्लू-रे यांतला फरक जवळजवळ हरवतो. सतरंजीवर पुढे सरकून बसलेल्या पोरांना तो दिसेल.

४३ इंचाला डीव्हीडीची मर्यादा दहा-साडेदहा फुटांवर जाते, म्हणजे आठ-नऊ फुटांवर बसणाऱ्याला फरक कळू लागतो. ५५ इंचाला ती तेरा फुटांच्या पुढे, आणि तिथे मात्र त्याच खोलीत डीव्हीडी भुरकट दिसते, ब्लू-रे खणखणीत. टीव्हीच्या किमती उतरल्यापासून खेड्यातल्या नव्या घरांतही ४३ इंच सर्रास लागतात. डिस्क तीच राहून चित्र ‘बिघडल्याची’ तक्रार मग सुरू होते, ती बहुतेकदा या गणितामुळे. हे आकडे काटेकोर सीमारेषा नाहीत. रंगांची शुद्धता, चित्र किती दाबून बसवले आहे, यानेही फरक पडतो आणि त्यात ब्लू-रे नेहमीच पुढे असते. पण खर्च करण्याआधी टेप काढून खोली मोजावी.

जुनी मालिका भुरकट दिसण्याची आणखी दोन कारणे आहेत आणि दोन्ही फुकटात दूर होतात. ४:३ चे चित्र रुंद पडद्यावर ताणून दाखवले की सीता आणि कैकेयी सारख्याच गुबगुबीत दिसतात. टीव्हीच्या किंवा प्लेयरच्या मेनूत जाऊन प्रमाण ४:३ करावे, डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या येऊ द्याव्यात. दुसरे कारण तारेचे. लाल-पांढऱ्या-पिवळ्या तारांनी जोडलेला प्लेयर रंग आणि उजेड एकाच पिवळ्या तारेतून पाठवतो आणि कडा फिसकटतात. एचडीएमआय तार असेल तर तीच डीव्हीडी स्वच्छ दिसते. जुन्या टेपमध्ये प्रत्येक चित्र आधी एकाआड एक ओळी आणि मग राहिलेल्या, असे दोन हप्त्यांत साठवलेले असते. नव्या पडद्यासाठी ते हप्ते एकत्र विणावे लागतात. हे काम स्वस्त प्लेयर ढोबळपणे करतो, हलत्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. ब्लू-रे प्लेयर ते पुष्कळ सफाईने करतो.

इथेच डिस्क आणि प्लेयर यांची फारकत करावी लागते. ब्लू-रे प्लेयरवर डीव्हीडी चालते. डीव्हीडी प्लेयरवर ब्लू-रे चालत नाही, त्याच्या लाल किरणाला त्या खाचा वाचताच येत नाहीत. जुन्या भारतीय मालिका पाहणाऱ्यानेसुद्धा यंत्र ब्लू-रेचे आणि डिस्क डीव्हीडीच्या घ्याव्यात, असाच सल्ला योग्य ठरतो. घेण्याआधी एक खात्री अवश्य करावी: ते यंत्र व्हीसीडी वाचते का? बरेच ब्लू-रे प्लेयर वाचत नाहीत, आणि मग नाटकांचा सगळा साठा मुका होतो. घरातली एक जुनी व्हीसीडी सोबत नेऊन दुकानातच लावून पाहिली की झाले.

परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या यंत्राबाबत जास्त सावध राहावे लागते. चित्रपट कंपन्यांनी जगाचे भाग पाडले आहेत. डीव्हीडीसाठी भारत पाचव्या विभागात, अमेरिका पहिल्या, युरोप दुसऱ्या. ब्लू-रेसाठी भारत ‘सी’, अमेरिका ‘ए’, युरोप ‘बी’. न्यू जर्सीहून आलेल्या प्लेयरवर भारतातली विभाग-बद्ध डिस्क अडेल. शिवाय अमेरिकी यंत्रे पॅल चित्र बहुधा स्वीकारत नाहीत आणि काही ११० व्होल्टचीच असतात. तिकडच्या मराठी कुटुंबांना याचा उलटा अनुभव येतो: गावाहून नेलेली लग्नाची पॅल डीव्हीडी तिथल्या प्लेयरवर लागत नाही, लॅपटॉपवर मात्र लागते. अनेक भारतीय कंपन्यांनी ही अडचण ओळखून आपल्या डिस्क सर्व विभागांसाठी खुल्या आणि एनटीएससी पद्धतीच्या काढल्या. त्यासाठी मूळ पॅल टेपच्या ५७६ ओळी ४८० वर आणाव्या लागल्या आणि सेकंदाच्या २५ चित्रांची ३० करावी लागली. अशा डिस्कवर कॅमेरा आडवा फिरताना चित्र किंचित अडखळते. वेष्टनाच्या मागे ‘पॅल’ लिहिलेली प्रत मिळाली तर दूरदर्शनच्या मालिकेसाठी तीच निवडावी.

उंबरमाळीकडे जून ते सप्टेंबर हा डिस्कचा वैरी. डोंगराच्या पायथ्याचा पाऊस, चार महिने भिंतींना ओल, कपाटात कोंदट वास. डिस्क म्हणजे पॉलिकार्बोनेट प्लास्टिक आणि आत धातूचा पातळ थर. कडेने दमट हवा शिरली की तो थर हळूहळू काळवंडतो. मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशातून आलेल्या एका सीडीचा धातूचा थर बुरशीने खाल्ल्याचे २००१ साली स्पेनच्या शास्त्रज्ञांनी नोंदवले होते. तिकडची हवाही अशीच उष्ण आणि दमट. डिस्क उभ्या ठेवाव्यात, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात, पाऊस सरल्यावर एकदा बाहेर काढून पाहाव्यात. पुसताना मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावे. गोल पुसले आणि चरा उमटला तर तो वाटेच्या दिशेनेच जातो आणि सलग मजकूर खाऊन टाकतो.

चऱ्यांच्या बाबतीत दोघींची घडण वेगळी. डीव्हीडीचा मजकूर दोन पत्र्यांच्या मधोमध, पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत असतो. ब्लू-रेचा फक्त ०.१ मिलिमीटर आत. म्हणून ब्लू-रेवर कठीण लेप चढवलेला असतो आणि नखाचे, धुळीचे ओरखडे ती डीव्हीडीपेक्षा चांगले सोसते. पण लेप भेदून चरा आत गेला तर ती लवकर दगावते. पोराटोरांच्या हाती डिस्क जाणार असतील तर हे ध्यानात ठेवावे. आणि लग्न-बारशाच्या, घरी किंवा स्टुडिओत ‘राइट’ केलेल्या डीव्हीडींचे आयुष्य याहूनही बेभरवशाचे. त्यांत छापलेल्या खाचा नसतात, रंगद्रव्यावर उमटवलेल्या खुणा असतात, आणि ऊन-उष्णतेने ते द्रव्य विटते. त्या आजच हार्ड डिस्कवर उतरवून घ्याव्यात.

विजेचा प्रश्न पूर्वीइतका तीव्र राहिलेला नाही. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने दहा-बारा तासांचे भारनियमन सोसले. रात्रीचा टीव्ही तेव्हा बॅटरी आणि इन्व्हर्टरवर चाले. आजही पावसाळ्यात झाड तारेवर पडले की रात्र अंधारात जाते. ३२ इंची एलईडी टीव्हीला साधारण ४० ते ५० वॅट, प्लेयरला त्याच्या पाव-तिसऱ्या हिश्श्याइतकी वीज लागते; घरगुती इन्व्हर्टरवर दोन भाग सहज होतात. टॉवरची वीज गेली की मोबाइलचे जाळेही जाते, डिस्कला त्याची झळ पोहोचत नाही.

खरेदीला मात्र आता फार दिवस राहिलेले नाहीत. मुंबईत काळा घोड्याचे ऱ्हिदम हाउस हे कॅसेट-डिस्कचे दुकान २०१६ साली बंद झाले. नेटफ्लिक्सने १९९८ पासून चालवलेली टपालाने डीव्हीडी पाठवण्याची सेवा २९ सप्टेंबर २०२३ रोजी थांबवली. एलजीने २०२४ मध्ये ब्लू-रे प्लेयर बनवणे सोडले, आणि सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादन बंद केले. छापील डिस्क अजून निघतात, परदेशात तर संग्राहकांसाठी देखण्या पेट्या निघतात, पण भारतात नवा प्लेयर शोधावा लागतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, कल्याण-उल्हासनगरच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत, किंवा कुणाच्या माळ्यावर पडून असलेला जुना मिळाला तरी चालेल. त्याचा ट्रे नीट उघडतो-मिटतो का, दोन पदरी डीव्हीडीवर पहिला पदर संपून दुसरा सुरू होताना, साधारण मध्यावर, तो अडकून बसत नाही ना, रिमोट सोबत आहे ना, एवढे पाहून घ्यावे. जुन्या लेझरचा थकवा सर्वांत आधी त्या पदर बदलण्याच्या जागीच उघडा पडतो.